पांढऱ्या गोळ्या आणि ज्येष्ठमधाचा काढा

वाचकहो, आपल्या घरातला औषधांचा डबा एकदा उघडून पाहा. घरात कोणी साठीच्या पुढचे असेल, तर त्या डब्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी असेल, इसबगोलाचे पाकीट असेल, एखादे चूर्ण असेल आणि बहुधा एका कोपऱ्यात साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या, गोड गोळ्यांची लहानशी बाटलीही असेल. आमच्या डब्यात हे सारे होते. त्यातली पट्टी तेवढी ‘केमिकलची’ आणि बाकीचे सगळे ‘निसर्गाचे’, अशी माझ्या मनातली सरळ विभागणी होती. निसर्गाचे म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तर इतकी घट्ट होती की तिला कधी प्रश्न विचारावा असे सुचलेही नाही. त्या समजुतीची किंमत माझ्या यजमानांच्या डाव्या हाताने चुकवली. म्हणून हा लेख.

मी पारशिवनीची. शाळेत शिकवण्यात आयुष्य गेले, आता निवृत्त आहे. आमच्या तालुक्याला पेंचचे जंगल लागून आहे. हिरडा, बेहडा, आवळा, मोह ही नावे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आठवडी बाजारात फडक्यावर मुळ्या आणि साली मांडून बसणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आले. माझ्या सासूबाई खोकल्यावर अडुळशाची पाने वाफवून त्यांचा रस मधातून देत आणि खोकला सैल होई. झाडपाल्याविषयी माझ्या मनात आदर आहे तो असा अनुभवातून आलेला. तो आजही आहे. चूक झाली ती एवढीच, की हा आदर मी न पारखता दुसऱ्याच एका वस्तूला देऊन टाकला.

यजमानांना रक्तदाबाचा त्रास अकरा वर्षांपासून. रोज एक गोळी चालू होती. तिने रक्तदाब आटोक्यात राही, पण संध्याकाळपर्यंत घोट्यांवर सूज येई. ते कंटाळले होते. “जन्मभर हे विष किती दिवस खायचे?” असे म्हणत. नात्यातल्या एकाने जवळच्या गावातल्या एका होमिओपॅथचे नाव सुचवले. आम्ही गेलो. त्या गृहस्थांनी तासभर वेळ दिला. झोप कशी लागते, स्वप्ने कसली पडतात, मीठ आवडते का, राग आला तर बोलून टाकता की मनात ठेवता, आई गेली तेव्हा रडला होतात का, असे सारे विचारले. बाहेर आल्यावर हे म्हणाले, “आज पहिल्यांदा कोणी माझे ऐकून घेतले.” खोटे कसे म्हणू? गर्दीच्या दवाखान्यात आमच्या वाट्याला कधी दोन मिनिटांच्या वर आलीच नव्हती.

बाटलीवर नाव होते ‘नॅट्रम म्युर २००’. “जुनी गोळी हळूहळू कमी करता येईल,” असे ते म्हणाले होते. आम्ही त्या ‘हळूहळू’चा अर्थ आपल्या सोयीने लावला आणि तीन आठवड्यांत पट्टी बंद केली. कोणत्याही डॉक्टरला विचारले नाही. हा दोष मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. डबा माझ्या हाती होता.

आणि काय आश्चर्य! महिन्याभरात घोट्यांची सूज गेली. झोप सुधारली. चेहरा उजळला. मी शेजारणींना उत्साहाने सांगू लागले. रक्तदाब मोजण्याचे यंत्र कपाटात होते, पण माणूस इतका बरा दिसत असताना मोजायचे कशाला? पुढे थंडीत त्यांना खोकला झाला. मी ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला, सकाळ-संध्याकाळ, चांगला घट्ट. खोकला थांबला तरी काढा थांबवला नाही. ‘झाले तर चांगलेच होईल’ या भावनेने दीड-दोन महिने तो देत राहिले. पायांवर पुन्हा थोडी सूज दिसू लागली. मी ती थंडीच्या माथी मारली.

एका सकाळी चहा पिताना त्यांच्या डाव्या हातातून बशी निसटली. मी रागावून वर पाहिले, तर ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता आणि ते जे बोलत होते ते शब्द राहिले नव्हते. गाडी करून नागपूर गाठायला तास लागला. रक्तदाब २१० आणि ११० निघाला. मेंदूच्या उजव्या भागातली एक रक्तवाहिनी बंद झाली होती.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतले. “काकू, काय काय चालू होते ते सगळे सांगा. रागावणार नाही.” मी पिशवीतून बाटली काढली, काढ्याचेही सांगितले. बाटलीवरचे नाव वाचून त्या म्हणाल्या, “हे मीठ आहे. नावापुरते. यात काहीच नाही, त्यामुळे याने काही केलेही नाही. याच्या भरवशावर तुम्ही जे सोडले, त्याने केले.” मग ज्येष्ठमधाचे नाव लिहून घेत म्हणाल्या, “हे मात्र आजपासून बंद. यात खरेच औषध आहे. ते रक्तदाब वाढवते.”

त्या दोन वाक्यांत मला जे कळले, ते चाळीस वर्षे डबा सांभाळून कळले नव्हते. एकाच कप्प्यात ठेवलेल्या त्या दोन वस्तू एका जातीच्या नव्हत्याच. पुढच्या काही महिन्यांत, त्यांच्या हाताच्या व्यायामाच्या वेळा सांभाळता सांभाळता, मी या विषयाचे वाचन केले. त्यातले तुमच्या उपयोगाचे ते येथे मांडते.

होमिओपॅथीचा पाया जर्मनीतील सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ मध्ये घातला. ‘ऑर्गेनॉन’ हा त्यांचा ग्रंथ १८१० चा. निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे उत्पन्न करते, तेच द्रव्य अत्यल्प मात्रेत तशाच लक्षणांच्या रोग्याला बरे करते, हे त्यांचे पहिले तत्त्व. विरळ करत जावे आणि प्रत्येक वेळी जोराने हलवावे, म्हणजे औषधाची शक्ती वाढते, हे दुसरे. हानेमान यांच्या काळाशी न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे, की तेव्हाचे वैद्य रोग्याचे रक्त काढत, पाऱ्याची औषधे देत. अशा काळात ज्याने रोग्याला काहीच दिले नाही, त्याचा रोगी अधिक सुखी असणे शक्य होते.

येथे पहिला गैरसमज दूर करू. होमिओपॅथी म्हणजे वनस्पतींची औषधे नव्हेत. त्यात वनस्पती आहेत, पण त्यासोबत मधमाशी आहे, सापाचे विष आहे, शिसे आहे आणि सोमलही आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाच्या सूचनेनंतर महाराष्ट्रात गावोगावी ज्या ‘आर्सेनिकम अल्बम ३०’च्या गोळ्या वाटल्या गेल्या, त्यांचे मूळ द्रव्य सोमल होय. आमच्या घरीही ती बाटली आली होती आणि आम्ही ती ‘जडीबुटीची’ म्हणून घेतली. नॅट्रम म्युर तर आपल्या स्वयंपाकघरातले मीठ. ज्या माणसाला मीठ कमी खा म्हणून अकरा वर्षे सांगितले जात होते, त्याला मी रोज चार वेळा मिठाच्या नावाच्या गोळ्या देत होते. सोमलाने कोणी दगावले नाही आणि मिठाने यांचा रक्तदाब वाढला नाही, याचे कारण एकच. त्या गोळ्यांत ना सोमल होता, ना मीठ.

बाटलीवरच्या आकड्याचा अर्थ समजून घेतला, की हे ध्यानात येते. मूळ द्रवाचा १ थेंब ९९ थेंबांत मिसळून हलवायचा, ही पहिली पायरी. त्यातला १ थेंब पुन्हा ९९ थेंबांत, ही दुसरी. म्हणजे दुसऱ्या पायरीवर दहा हजारांत एक भाग, तिसऱ्या पायरीवर दहा लाखांत एक. आमच्या परिसरातल्यांना समजेल असा हिशेब करून सांगते. तोतलाडोह धरण तुडुंब भरले, की त्यात सुमारे १०० कोटी घनमीटर पाणी मावते. त्या साऱ्या जलाशयात औषधाचा एक थेंब टाकून ढवळला, तर साधारण आठवी पायरी गाठली जाते. ‘३०’ लिहिलेल्या बाटलीसाठी त्यापुढे आणखी बावीस पायऱ्या उतरायच्या असतात. ‘२००’साठी किती, ते तुम्हीच मोजा.

पदार्थ असा अनंतकाळ विभागता येत नाही. त्याचे कण मोजके असतात. ५८ ग्रॅम, म्हणजे मूठभर मिठात सोडियम-क्लोरीनच्या जोड्या किती, तर ६ वर २३ शून्ये इतक्या. बारावी पायरी गाठेपर्यंत आपण १ वर २४ शून्ये एवढ्या आकड्याने भागून झालेले असतो. त्यानंतर मूळ द्रव्याचा एक कणही उरण्याची आशा फारशी राहत नाही. हानेमान यांना हे ठाऊक नव्हते, कारण कणांची संख्या मोजण्याचा पहिला अंदाज १८६५ चा, त्यांच्या मृत्यूनंतरचा. आपल्याला मात्र ते ठाऊक आहे.

‘पाण्यात द्रव्याची स्मृती राहते’ असे यावर सांगितले जाते. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१० मध्ये धातूंपासून केलेल्या काही उच्च पोटेन्सीच्या औषधांत धातूचे अतिसूक्ष्म कण आढळल्याचे प्रसिद्ध केले, त्याचाही दाखला देतात. बाटलीत कण सापडणे ही एक गोष्ट आणि त्या कणांनी रोग बरा होणे ही दुसरी. दुसरीचे उत्तर रोग्यांवरील चाचण्यांतच मिळते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने ६१ आजारांवरील अभ्यास तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष काढला, की यांतील एकाही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये ही औषधे लिहून देणे थांबवण्याची शिफारस केली.

आता वनौषधी पाहू. येथे प्रश्न द्रव्य आहे की नाही हा नसतो, ते किती आहे आणि काय करते हा असतो. रक्तदाबाचेच उदाहरण घेऊ. सर्पगंधेची मुळी आपल्या देशात पूर्वापार वापरात आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रोग्यांना मोजून दिली, आधीचे व नंतरचे रक्तदाब नोंदवले आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ते प्रसिद्ध केले. रक्तदाब खरोखर उतरत होता. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतले कार्यकारी द्रव्य, रेसर्पिन, वेगळे काढले. जगभर ते वापरले गेले. पुढे काही रोग्यांत त्याने उदासीनता येते असे दिसले, अधिक सुसह्य औषधे आली आणि त्याचा वापर मागे पडला. मुळीत गुण होता म्हणून तो मोजता आला. दोषही होता, तोही त्याच मोजमापाने सापडला.

कुचल्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कुचल्याच्या बियांत स्ट्रिक्निन हे जहाल विष असते. म्हणून आयुर्वेदात कुचला शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत आणि वापरतात तेव्हा मात्रा अत्यंत जपतात. होमिओपॅथीतले ‘नक्स व्होमिका’ म्हणजे हाच कुचला. ‘नक्स व्होमिका ३०’ची अख्खी बाटली लहान मुलाने खाल्ली तर पोटात जाते ती साखर. एकच बी, पण वैद्याला तिची भीती बाळगावी लागते आणि बाटलीला तिचा पत्ताही नसतो. दोन पद्धतींतला फरक यातून स्पष्ट व्हावा.

मात्र होमिओपॅथीतलेही सगळेच रिकामे नसते, हे लक्षात ठेवा. ‘मदर टिंक्चर’ हा वनस्पतीचा मद्यार्कातला सरळ अर्क असतो. ३एक्ससारख्या खालच्या पोटेन्सीतही द्रव्य शिल्लक असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २०१७ मध्ये बाळांच्या दात येण्यावरील काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना हे विषारी द्रव्य कमी-अधिक प्रमाणात, काहींत तर लेबलवर लिहिलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त आढळले होते. तेव्हा आकडा वाचल्याशिवाय कोणतीही बाटली निर्धोक मानू नये.

वनौषधींची बाजू घेताना मी त्यांचे अपाय झाकणार नाही. माझ्या घरातले उदाहरण तुम्ही वाचलेच. ज्येष्ठमधातील ग्लायसिऱ्हायझिन या द्रव्यामुळे शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. चार दिवस घशासाठी घेणे वेगळे आणि रक्तदाबाच्या माणसाने दोन महिने पिणे वेगळे. गुळवेलीचेही असेच. करोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा शिजला. २०२० च्या अखेरच्या चार महिन्यांत मुंबईतील डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले. ते सहाही जण गुळवेल घेत होते. हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे म्हटले. त्यांचे म्हणणे खरे धरले, तरी आपल्यासारख्यांना त्यातून धडाच मिळतो. कुंपणावरची वेल नक्की कोणती, हे तुम्हाआम्हाला ओळखता येते का?

मग आमच्या घरी त्या पांढऱ्या गोळ्यांनी बरे वाटले ते कसे? हे कोडे उलगडायला मला फार वेळ लागला. घोट्यांची सूज जुन्या गोळीमुळे होती. ती गोळी बंद केल्यावर सूज जाणारच होती. श्रेय मात्र नव्या गोळ्यांना मिळाले. झोप सुधारली, कारण एका माणसाने तासभर मन लावून ऐकले होते. सर्दी आपोआप बरी होते, गुडघ्याचे दुखणे वाढते आणि ओसरते, आणि आपण औषधाला जातो ते बहुधा वाढलेले असतानाच. त्यानंतर येणारा उतार औषधाच्या नावावर जमा होतो. यात कोणी लबाडी करतो असे नाही. अशा दुखण्यांत त्याने फारसे बिघडतही नाही. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, फीट यांचे तसे नाही. रक्तदाब वाढलेला माणूस हसतखेळत असतो. त्याला बरे वाटणे आणि तो बरा असणे यांत केवढे अंतर आहे, हे यंत्राशिवाय कळत नाही. आमचे यंत्र कपाटात होते.

हे वाचून एखाद्या वाचकाच्या घरी वाद होईल, याची मला कल्पना आहे. आजोबांची त्या गोळ्यांवर श्रद्धा असेल, तर बाटली फेकून देऊ नका. त्यांचा अपमान होईल आणि पुढच्या वेळी ते लपवून घेतील. गोळ्या राहू द्या, पण एक गोष्ट अढळ ठेवा, की चालू औषध बंद करायचे किंवा बदलायचे ते ज्याने लिहून दिले त्याच्याच सल्ल्याने. सूज येते, खोकला येतो, चक्कर येते, अशी तक्रार असेल तर ती त्याच डॉक्टरला सांगा. आमच्या तक्रारीला उपाय होता. गोळी बदलता आली असती, आणि पुढे बदललीच. आम्ही विचारले नव्हते.

झाडपाल्याच्या बाबतीत, तो औषधच आहे असे समजून वागा. काय, किती आणि किती दिवस, हे एका वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाच्या गोळीसोबत मेथी-कारल्याचा मारा झाला तर साखर फार खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कोणताही नवा काढा विचारल्याशिवाय नको. आणखी एक. आपल्या राज्यात २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर, आधुनिक औषधांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथांना ती औषधे लिहून देण्याची मुभा आहे. त्यावरून वादही झाले आहेत. आपल्यापुरते इतके करावे, की हाती पडलेली पुडी कोणत्या पद्धतीची आहे, तिचे नाव काय, हे विचारून लिहून घ्यावे. विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणि तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडू लागला, बोलणे अडखळले, तर वाट पाहू नका, मालिश करत बसू नका. १०८ला फोन करा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आम्ही त्या मुदतीत पोहोचलो, म्हणून आज हे चालतात, बोलतात, माझ्यावर रागावतातही.

डाव्या हाताच्या बोटांत मात्र पूर्वीची पकड आली नाही. सदऱ्याची वरची दोन बटणे मी लावून देते. आमचा डबा अजून तोच आहे. त्यात रक्तदाबाची नवी गोळी आहे, इसबगोल आहे, सितोपलादी चूर्ण आहे. यंत्र कपाटातून निघून डब्याशेजारी आले आहे. रोज सकाळी चहाच्या आधी मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधते, आकडा वहीत लिहिते आणि त्या दहा मिनिटांत ते रात्रीची झोप, पडलेले स्वप्न, मुलाचा आलेला फोन, सारे सांगत बसतात. त्यांना ऐकणारे माणूस हवे होते, ते त्या दवाखान्यात मिळाले होते. ते घरीही देता येते, हे मला आधी सुचायला हवे होते.